फोटोमागचं कार्ड

मी कोर्टाच्या कागदांचं भाषांतर करते. खालच्या कोर्टात साक्षी मराठीत होतात, पंचनामे मराठीत लिहिले जातात, आणि शिक्षेविरुद्धचं अपील मुंबईला उच्च न्यायालयात गेलं की तिथे ते सगळं इंग्रजीत लागतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर वेळ जाईना म्हणून हे काम धरलं. बिबवेवाडीतल्या माझ्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर ते चालतं, आणि त्यामुळे गेली अकरा वर्षं मी ताट मांडीवर घेऊन जेवते आहे.

या कामात एक पथ्य मी पहिल्यापासून पाळलं. पक्षकाराशी बोलायचं नाही. ज्याला शिक्षा झाली आहे तो आतच असतो, पण बाहेर त्याचे नातेवाईक असतात, ते घरी येतात, रडतात, आणि मग आपल्या नकळत एखादा शब्द मऊ होतो. मी तीस वर्षं शाळेत परीक्षेचे पेपर तपासले आहेत. रडून मार्क वाढत नाहीत हे मला चांगलं ठाऊक आहे. हे पथ्य मी एकदाच मोडलं आणि त्याचा मला काडीइतका पश्चात्ताप नाही.

झालं असं की शिवाजीनगर कोर्टाजवळ ऑफिस असलेल्या एका वकीलबाईंनी मला एक खुनाचं अपील पाठवलं. मार्केट यार्डातल्या एका हमालाला जन्मठेप झाली होती. मेलेला माणूसही हमालच, दुसऱ्या टोळीतला. ट्रक कोणत्या टोळीने उतरवायचा यावरून दोघांची भरदिवसा, चारचौघांत जुंपली होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुसरा माणूस गाळ्यांच्या मागच्या बोळात मेलेला सापडला. डोक्यात लोखंडी हुकाचे घाव. पोती ओढायला हमाल वापरतात तोच हुक.

वकीलबाईंनी पाठवलेल्या झेरॉक्स इतक्या फिक्या होत्या की पंचनाम्याच्या ओळींऐवजी नुसते ढग दिसत होते. मी फोन करून चार शब्द सुनावले. "मॅडम, उद्या नवीन कॉपी पाठवते," त्या शांतपणे म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात एक बाई उभी, चाळिशीची, बारीक, छातीशी प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदांचा गठ्ठा धरलेली.

"वकीलबाईंनी दिल्यात," ती म्हणाली. "मी त्येची बायकू."

पथ्याप्रमाणे मी पिशवी घेऊन दार लावायला हवं होतं. पण ऊन रणरणत होतं आणि ती शिवाजीनगरहून बस बदलून आली होती. पाणी देणं हे पथ्यात बसतं, अशी मी माझी समजूत घातली. पाणी पिऊन तिने पेला स्वतःच विसळून पालथा घातला आणि मग म्हणाली, "बाई, येक इचारू? ह्यात काय लिवलंय ते वाचून दावाल का मला?"

"तुमच्या वकिलांना विचारा," मी म्हणाले.

"त्या सांगत्यात. पन त्या थोडक्यात सांगत्यात. मला समदं ऐकायचंय. पैल्यापासनं."

"खटला चालला तेव्हा तुम्ही कोर्टात होतात ना?"

"मागं बसायची. फुडं काय बोलत्यात ते पंख्याच्या आवाजात निम्मं कळायचं न्हाई. आन् मला वाचाय येत न्हाई."

घरात वाचणारं कोणी नाही का, असं मी विचारलं. एक मुलगी होती. बाप आत गेला तेव्हा बारा वर्षांची होती, आता एकोणीसची. हिंजवडीला एका हॉस्टेलच्या ऑफिसात कामाला, सकाळी सातच्या कंपनीच्या बसने जायची. "वाचंल ती," बाई म्हणाली. "पन बापानं मानूस कसा मारला, त्ये लेकीच्या तोंडून कसं वाचून घिऊ?"

 मी तिला टेबलापाशी बसवलं आणि पहिलं पान काढलं.

खरं सांगायचं तर तोपर्यंत मी माझ्या मनात निकाल देऊन टाकला होता. कागद वाचून माणूस ओळखता येतो असा मला गर्व आहे, किंवा होता. पुरावा तसा नीट रचलेला दिसत होता. भांडण झालेलं. मॅजिस्ट्रेटपुढे दिलेला कबुलीजबाब. हुक त्याने स्वतः काढून दिलेला. आणि त्याच्या शर्टावर माणसाचं रक्त, गट बी. मेलेल्याचा गटही बी. आणखी काय हवं? खालच्या न्यायाधीशांनाही आणखी काही नको होतं.

ती दर शनिवारी येऊ लागली. मार्केट यार्डात कांदा-लसूण निवडण्याचं काम करायची. शनिवारी तिला सुट्टी असे. नवऱ्याच्या नि तिच्या दोघांच्या कामाची जागा एकच होती, आणि तो आत गेल्यावरही ती त्याच गाळ्यांमध्ये, त्याच लोकांसमोर काम करत राहिली होती. लोक काय म्हणायचे, असं मी एकदा विचारलं. "म्हनायचे," एवढंच ती म्हणाली.

तिला रिकामं बसता यायचं नाही. पहिल्याच शनिवारी तिने माझ्या ओट्यावरची कोथिंबिरीची जुडी न विचारता पुढ्यात ओढली. मी वाचायची आणि ती निवडायची. मला आधी राग आला. आपल्याकडे लक्ष नाही असं वाटून मी शाळेतल्यासारखी मध्येच थांबले आणि विचारलं, "मी शेवटी काय वाचलं?" तिने मान वर न करता शेवटची चार वाक्यं जशीच्या तशी म्हणून दाखवली. पंचांच्या वयांसकट. त्यानंतर मी तिला तो प्रश्न कधी विचारला नाही.

कबुलीजबाब वाचून झाला तेव्हा तिने पहिल्यांदा मान वर केली. 'सदर इसमाने मला शिवीगाळ केल्याने माझे मनात त्याचेविषयी राग उत्पन्न झाला व मी त्याचे मागोमाग जाऊन...' असं ते पानभर होतं.

"ह्ये त्यो बोललाय?" तिने विचारलं.

"असं लिहिलंय."

"बाई, लगीन हून वीस वरसं झाली. त्येनं मला येका दमात आठ शब्द कवा सांगितलं न्हाईत."

मला हसू आलं, आणि मग आलं नाही. असली भाषा मी शेकडो कागदांत वाचली होती. ठाण्यात लिहिणाऱ्याची भाषा सगळ्या आरोपींच्या तोंडी सारखीच असते, हे इतकं सवयीचं झालं होतं की ते कोणाचं तरी खरं बोलणं म्हणून मी ऐकतच नव्हते. मी पुन्हा पान उलटलं. आरोपीला मॅजिस्ट्रेटपुढे आणलं पोलीस कोठडीतून. विचार करायला वेळ दिला पंधरा मिनिटं. जबाब झाल्यावर परत पाठवलं त्याच पोलीस कोठडीत. महिनाभरात त्याने तुरुंगातून अर्ज केला होता की मला मारून बोलायला लावलं. तो अर्ज फाइलमध्ये शेवटी लावलेला होता आणि मीही तो शेवटीच वाचला होता.

तिसऱ्या शनिवारी हुकाचा पंचनामा आला. खुनानंतर सोळाव्या दिवशी आरोपीने 'स्वखुशीने' पोलिसांना आणि पंचांना एका गाळ्यात नेलं आणि लसणाच्या पोत्यांच्या थप्पीखाली लपवलेला हुक काढून दिला, असं त्यात होतं. तिच्या हातातली भाजीची काडी तशीच राहिली.

"कंचा गाळा?"

मी नंबर सांगितला.

"तितं लसनाची थप्पी सोळा दिस कशी ऱ्हाईल?" ती म्हणाली. "माल येतो, आठवड्यातनं दोनदा उचलत्यात. उचलला की खाली झाडायचं, सालपटं भरायची. ती झाडायचं काम माझ्याकडं व्हतं."

मी शहाणपणा दाखवत म्हणाले की तुम्ही बायको आहात, तुमचं कोणी ऐकणार नाही. पण ती गेल्यावर मला चैन पडेना. गाळ्याच्या मालकाची साक्ष मी दोन आठवड्यांपूर्वीच इंग्रजीत करून ठेवली होती. ती काढली. उलटतपासणीत, कोणाच्या तरी भलत्याच प्रश्नाच्या उत्तरात, मालक सहज बोलून गेला होता की माझ्या गाळ्यातला माल आठवड्यातून दोनदा उचलला जातो आणि गाळा झाडला जातो. वाक्य माझ्याच हाताखालून गेलं होतं. व्याकरण अचूक होतं. अर्थ माझ्या डोक्यात शिरला नव्हता.

मी वकीलबाईंना फोन केला.  "मॅडम, हे मी पण मिस केलं होतं," त्या म्हणाल्या. "कोणी पकडलं?"

"जिला वाचता येत नाही तिने," मी म्हणाले.

या वकीलबाईंबद्दलही सांगायला हवं. चूक झाली की 'मी चुकले' असं सरळ म्हणणारे वकील मी फार पाहिलेले नाहीत. त्या दिवशी त्यांनी मला आणखी एक अडचण सांगितली. रक्ताच्या पुराव्यात एक भोक होतं, ते त्यांना दिसत होतं, पण त्यात बोट घालायचं धाडस होत नव्हतं. आरोपीच्या रक्ताचा गट कोणी ठरवलेलाच नव्हता. अटकेनंतर नमुना घेतला होता, तो प्रयोगशाळेत पोचेपर्यंत खराब झाला. 'गट निश्चित करता आला नाही' असा शेरा मारून सगळे मोकळे झाले. दुसरा नमुना घ्यायची तसदी कोणी घेतली नाही. आता कोर्टाला सांगायचं की याचा गट तपासा, आणि तो निघाला ए किंवा ओ, तर शर्टावरचं रक्त त्याचं नव्हे हे आपणच सिद्ध करून दिल्यासारखं. "जेलमध्ये चिठ्ठी पाठवून त्याला विचारलं," त्या म्हणाल्या. "माहीत नाही म्हणाला. अंधारात उडी कशी मारू?"

पुढच्या शनिवारी प्रयोगशाळेचा अहवाल वाचायचा होता. माझं डोकं आधीच तापलेलं होतं. हुकावर रक्त, गट अनिर्णित. शर्टावर खांद्यापाशी आणि मानेपाशी रक्त, गट बी. मयताचा गट बी. आरोपीचा नमुना खराब. मी कागद टेबलावर आपटला.

"याला तपास म्हणतात? एवढा मोठा मुद्दा आणि याचं रक्त पुन्हा घ्यायला यांना हात नव्हते? अहो, याचा स्वतःचाही गट बीच असेल, तर हे याचंच रक्त असू शकतं. मग शर्टाचा पुरावा केराच्या टोपलीत!"

ती इतकी स्थिर झाली की मी बोलायची थांबले.

"म्हंजे," ती म्हणाली, "त्येचा बी असला, तर चांगलं?"

"अर्थात चांगलं. पोती वाहून यांच्या माना सोलवटलेल्या असतात. अटकेच्या वेळच्या डॉक्टरी तपासणीतसुद्धा लिहिलंय, मानेवर खरचटल्याच्या खुणा म्हणून. रक्त याचंच आहे म्हणायला वाव मिळतो."

तिने मेथीची जुडी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि निघून गेली. चहा तसाच. मला वाटलं मी फार फटकळपणे बोलले. माझ्या जिभेबद्दल माझ्या सुनेचं जे मत आहे ते त्या दिवशी मलाही पटलं.

ती शनिवारची वाट न बघता सोमवारी सकाळी आली. काम बुडवून. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी होतं. तिने ते टेबलावर ठेवलं, दोन्ही हातांनी सारखं केलं आणि टॉवेल सोडला. बाबासाहेबांचा फोटो होता, लाकडी चौकटीतला, भिंतीवर लावायचा. तिने फोटोला हात जोडले, तो हळूच पालथा केला, मागचे खिळे चमच्याच्या दांडीने उचकले आणि पुठ्ठा बाजूला केला. आत एक कार्ड होतं. रक्तदात्याचं कार्ड. वस्तीत चौदा एप्रिलला रक्तदानाचं शिबिर भरतं, त्यातलं. वर बाबासाहेबांचं छोटं चित्र, खाली तिच्या नवऱ्याचं नाव, आणि चौकोनात गट: बी पॉझिटिव्ह.

मी ते हातात घेतलं नाही. खुर्चीवर बसले.

तिने सांगितलं ते असं. खटल्याच्या दुसऱ्या वर्षी कोर्टात तो अहवाल वाचला गेला. मागच्या बाकावर तिला पंख्याच्या आवाजातून एवढंच ऐकू आलं की शर्टावर बी गटाचं रक्त सापडलं आणि न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. तिला हे कार्ड आठवलं, लेकीने एकदा वाचून दाखवलेलं. याचाही बी. तिच्या हिशेबी आता सगळं जुळलं होतं: खुनाशी बी गटाचा संबंध आहे, आणि याच्याकडे बी गटाचं कार्ड आहे. पोलिसांनी घराची झडती घेतली आणि हे सापडलं तर फाशीच. ती तशीच घरी गेली आणि चूल पेटवली.

"जाळनार व्हते," ती म्हणाली. "पन वर बाबासायबांचा फोटू. कसं जाळू? फाडाय बी हात हुईना. मग फोटूच्या मागं ठिवलं. म्हनलं, आता तुमीच संबाळा."

पोलीस परत आलेच नाहीत. कार्ड तिथेच राहिलं. साडेपाच वर्षं ती रोज सकाळी त्या फोटोला फूल वाहत होती आणि रोज तिला माहीत होतं की मागे काय आहे.

"बाई, आनि येक," ती म्हणाली. तिचा आवाज आता अगदी कोरडा होता. "त्या दिशी मलाबी वाटलं, यानंच मारला आसंल. लई दिस वाटत व्हतं. कुनाला सांगितलं न्हाई."

मी तापट बाई आहे. त्या क्षणी तिला हलवून विचारावंसं वाटलं की एका माणसाला, एका कुणालाही, तू हे का विचारलं नाहीस? वकिलाला, मुलीला, वस्तीतल्या कोणा शिकलेल्याला? पण कोणाला विचारणार होती ती? ज्यांना रक्ताचे गट कळत होते त्या शिकल्यासवरल्यांनी, प्रयोगशाळेतल्यांनी, दोन्ही बाजूंच्या वकिलांनी आणि न्यायाधीशांनी तो कागद तिच्याइतकाच चुकीचा वाचला होता. तिची चूक भीतीतून झाली होती. त्यांची आळसातून. मला लाज वाटली, कारण मी पण त्या यादीत होते.

मग मी एक सल्ला दिला, जो देताना मला तो व्यवहारी वाटला होता. म्हणाले, "वकीलबाईंना सांगा, घर आवरताना सापडलं. लपवलं होतं असं म्हणायची काही गरज नाही. सरकारी वकील तुमच्या अंगावर येईल. कार्ड खोटं म्हणेल."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी शाळेत मुलांकडे बघायचे ना, तशी.

"न्हाई बाई," ती म्हणाली. "कुनीतरी खोटं लिवलं म्हून त्यो आत गेलाय. आता मी खोटं लिवून त्येला भाईर नको. मी लपीवलं तर लपीवलं म्हनीन."

मी निवृत्त मुख्याध्यापिका. माझ्या टेबलावर, माझ्याच घरात, एका अंगठेबहाद्दर बाईने मला खरं बोलायचा धडा दिला. तिच्याविषयी मला जे वाटलं ते कौतुक होतं म्हणणं फार मिळमिळीत होईल. मी उठले आणि तिच्यासाठी पोहे केले. मला दुसरं काही सुचलं नाही.

वकीलबाईंनी तिचं प्रतिज्ञापत्र केलं. त्यांनाही तोच धोका दिसत होता, त्यांनीही एकदा विचारून पाहिलं, आणि तेच उत्तर ऐकून त्यांनी पेन उचललं. मी ते इंग्रजीत केलं. कार्ड कुठे ठेवलं, का ठेवलं, का जाळलं नाही, सगळं लिहिलं. आपल्याला काय वाटलं होतं तेही ती लिहायला सांगत होती. ते मात्र वकीलबाईंनी काढून टाकलं. पुराव्याला त्याची गरज नव्हती.

सुनावणीला मी गेले नव्हते. वकीलबाईंनी फोनवर सांगितलं. सरकारी वकिलांनी अपेक्षेप्रमाणे विचारलं की इतकी वर्षं हे कार्ड कुठे होतं. न्यायाधीशांनी तो परिच्छेद दोनदा वाचला. मग विचारलं, या बाई कोर्टात आहेत का? ती मागे उभी राहिली. त्यांनी तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि बसा म्हणाले. त्या दिवशी त्यांनी तुरुंगात त्याचं रक्त तपासायचा हुकूम दिला. अहवाल आला: बी.

त्यानंतर कबुलीजबाबाची पंधरा मिनिटं, आठवड्यातून दोनदा उचलली जाणारी थप्पी आणि मानेवरच्या खुणा, सगळं पुन्हा तपासलं गेलं. ज्या दिवशी शिक्षा रद्द झाली त्या दिवशी निकालपत्राची बेचाळीस पानं माझ्याकडे आली. या खेपेला उलटं काम होतं. इंग्रजी समोर धरून मी तिला मराठीत वाचून दाखवत होते, आणि ती माझ्याकडचे मटार सोलत होती. 'आरोपीस निर्दोष मुक्त करण्यात येत आहे,' असं मी म्हणाले तेव्हा ती म्हणाली, "परत वाचा." मी परत वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं. तिने सोललेले दाणे डब्यात भरले, डबा फ्रीजमध्ये ठेवला आणि मग ओट्याला धरून रडली. मी पण.

तो येरवड्यातून सुटल्यावर आठवड्याने दोघं माझ्याकडे आली. मी त्याचा प्रत्येक जबाब, वजन, उंची, मानेवरच्या खुणा इंग्रजीत केल्या होत्या, पण त्याला पाहत होते पहिल्यांदाच. मोठ्या हाडापेराचा, खांदे अजून रुंद, केस पांढरे झालेले. खुर्चीच्या कडेवर बसला होता, मागे टेकायचं विसरल्यासारखा. चहा झाला. मी काहीबाही विचारत होते आणि तो मान हलवत होता. आठ शब्दांचा हिशेब तिने बरोबर सांगितला होता.

अचानक ती त्याच्याकडे वळली. "मला तुला येक सांगायचंय," म्हणाली. "घरात सांगवंना. म्हून हितं आनलं. बाई हायेत, त्या पंच."

मी उठायला लागले. तिने हाताने बसायची खूण केली.

तिने सगळं सांगितलं. कार्ड आपल्याकडेच होतं, आपणच लपवलं, तेव्हाच पुढे केलं असतं तर तो कदाचित केव्हाच सुटला असता. एक शब्द वगळला नाही, एका शब्दाची सफाई दिली नाही. "साडेपाच वरसं माझ्यामुळं गेली तुजी," ती म्हणाली. "तुला काय म्हनायचं त्ये म्हन."

तो कपाकडे बघत होता. 

"वकीलबाईंनी आत चिठ्ठी धाडली व्हती," तो म्हणाला. "गट कंचा म्हून. म्या ठावं न्हाई म्हनलं."

"मग?"

"ठावं व्हता. कार्ड माजंच की."

 तो पुढे बोलला, आणि माझ्या हजेरीत तरी तो त्याहून जास्त कधी बोलला नाही.

"मी म्हनलं, गट सांगितला तर त्या तुला सांगतील. तुलाबी वाटंल मीच मारला. मग तू मुलाखतीला यायची न्हाईस. तेवढंच व्हतं मला. जाळीच्या पल्याड तू येऊन बसायचीस तेवढंच. म्हून गप ऱ्हायलो."

मला तिच्याकडे बघवेना. ती मात्र त्याच्याकडे सरळ बघत होती.

"कोर्टात त्यो कागद वाचला त्याच दिशी मला कळलं व्हतं," ती म्हणाली. "आन् मला वाटलं बी व्हतं, तूच मारलास म्हून. त्याच्या फुडच्या मुलाखतीला मी आले का न्हाई?"

त्याने मान वर केली.

"आलीस."

"आन् त्याच्या फुडच्या?"

त्याचा चेहरा हलला. 

"आलीस," तो म्हणाला. "परत्येक येळी आलीस."